भावा, आधी टायर बघ, मग हॉर्सपॉवर

नवीन पोरं पहिलं विचारतात, फोर व्हील ड्राइव्ह घेऊ का रिअर? तू ट्रॅकवर काय करणार, त्यावर ते ठरतं. पोर्शचंच बघ. २०२० सालची ९११ टर्बो एस (९९२ हा त्या पिढीचा नंबर) ६५० पीएसची, म्हणजे जवळपास तेवढ्याच हॉर्सपॉवरची, चारही चाकं ओढणारी, वजन १६४० किलो. शून्य ते शंभर २.७ सेकंदात. जीटी३ ५१० पीएसची, फक्त मागची चाकं ओढणारी, पण साधारण १४३५ किलोची. तिला ३.४ सेकंद लागतात. तरी ट्रॅकच्या नादातले लोक जीटी३च मागतात.

कारण फोर व्हील ड्राइव्ह वळणातून बाहेर पडताना मदत करतो, ब्रेकिंगला नाही. तिथं चारही टायर तसेही काम करतातच, आणि जादा दोनशे किलो थांबवायला ब्रेक जास्त तापतात, टायर लवकर संपतात. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार: वळण्यात खर्चली तर थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटरला, उरत नाही. म्हणून स्टेअरिंग सरळ होईल तसतसा पाय दाबायचा. पावसात मात्र फोर व्हील ड्राइव्हला तोड नाही, आणि आपल्याकडं पाऊस म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

रिअर घेतलीस तर लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल हवाच. डिफरेन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो, लिमिटेड स्लिपवाला तो फरक आवरतो. नाहीतर आतलं चाक नुसतं फिरतं. पॉवर वाढवायला आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही तयार होईल, तू थांब. आधी हुपरी रोडला मोहितेंच्या ट्रॅकवर कार्ट चालव. त्यात डिफरेन्शियलच नसतो, मागची चाकं कशी वागतात ते कमरेलाच कळतं.