चिनी समाजावर पीएच.डी. करायची आहे, भारतीय विद्यार्थ्याला कोणती फेलोशिप मिळू शकते?

सगळ्यात आधी दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज आणि हार्वर्ड-येन्चिंग इन्स्टिट्यूट यांची संयुक्त डॉक्टरल फेलोशिप बघा. पदवी भारतातल्याच विद्यापीठाची राहते, पण चिनी भाषेचं प्रशिक्षण आणि हार्वर्डमधला अभ्यासकाळ दोन्ही तिच्यातच येतं. भाषा हे या विषयात निम्मं काम आहे. हुकोऊ, म्हणजे माणूस गावचा की शहरचा हे ठरवणारी कुटुंबनोंदणी, तिच्याबद्दल स्थलांतरित कामगाराला मोकळं बोलतं करायचं तर दुभाषा पुरत नाही. चिनी अजून कच्ची असेल तर आधी तैवान सरकारच्या हुआयू शिष्यवृत्तीसाठी तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरकडे, म्हणजे तैवानच्या भारतातल्या प्रतिनिधी कार्यालयाकडे, अर्ज करा. मात्र ती फक्त भाषा शिकण्यासाठी आहे, संशोधनासाठी नाही.