तारेच्या जाळीवर बोरूचा पडदा बांधण्याआधी खांब हलवून बघा

तुम्ही विचारलंय की बागेभोवती तारेच्या जाळीचं कुंपण आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. म्हणून त्यावर नैसर्गिक बोरूच्या काड्यांचे रोल, म्हणजे दुकानात ज्याला रीड फेन्सिंग म्हणतात ते, बांधावेत का? किती टिकतील, कसे बांधायचे, की सरळ प्लास्टिकचेच घ्यावेत?

बांधा, जरूर बांधा. मी बागा उभारून देण्याचं काम करते आणि आडोशासाठी बोरूइतकी शांत, झाडांशी जुळणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. त्याच्या फिकट सोनेरी रंगापुढे कुठलाही हिरवा रंग उठून दिसतो. पण रोल विकत घ्यायच्या आधी एक काम करा. कुंपणाचा एकेक खांब दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा.

जाळीतून वारा आरपार जातो. खांब रोवणाऱ्याने तेवढाच हिशोब धरून ते रोवलेले असतात. त्यावर बोरू बांधलात की त्याच कुंपणाचं शीड होतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात बंद, सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ६ किलो भार येतो. ताशी ७२ किलोमीटरला तोच २५ किलोच्या घरात जातो. ५ मीटर लांब आणि १.८ मीटर उंच पडदा म्हणजे ९ चौरस मीटर. वादळी वाऱ्यात त्याच्यावर सव्वादोनशे किलोच्या आसपास रेटा बसू शकतो. बोरूला फटी असतात म्हणून प्रत्यक्षात काही कमी धरा, तरी हा सगळा भार शेवटी तुमच्या खांबांच्या बुडाशी जातो. "बोरू टिकत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांच्या बागेत मी बहुतेक वेळा पाहिलंय ते कललेले खांब आणि तुटलेले बंध. काड्या चांगल्या धडधाकट असतात.

तेव्हा खांब जरासा जरी डुगडुगला तर आधी तो पक्का करा. १.८ मीटर उंचीच्या पडद्यासाठी खांब जमिनीत ६० ते ९० सेंटिमीटर खोल आणि काँक्रीटमध्ये बसवलेला हवा. दोन खांबांमधलं अंतर दोन मीटरच्या आत ठेवा. टोकाच्या आणि कोपऱ्यांवरच्या खांबांना तिरके टेकू द्या, कारण सगळी ओढ तिथे येऊन थांबते. हे शक्य नसेल तर उंची कमी करा. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत असतात. तुम्हाला फक्त बसायच्या जागेपुरता आडोसा हवा असेल तर दीड मीटरचा रोल पुरतो आणि वाऱ्याचा भारही बराच उतरतो. मी तर नेहमी सांगते की बागेला चारी बाजूंनी गुंडाळू नका. नजर जिथून नको आहे तेवढीच बाजू झाका आणि बाकीची जाळी झाडांसाठी मोकळी सोडा.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते की फटी असणं हा बोरूचा गुण आहे. पूर्ण बंद भिंतीवर वारा आदळतो, वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो आणि भिंतीमागची नाजूक रोपं त्यात पिळवटून निघतात. थोडा वारा आत सोडणारा पडदा त्याचा वेग मोडतो आणि मागे बऱ्याच अंतरापर्यंत झाडांना शांतता मिळते. म्हणून एकावर एक दोन थर लावून फटी पूर्ण बुजवायच्या मागे लागू नका. दोन थर लावावेत ते अगदी बसायच्या कोपऱ्याशी, जिथे रात्री आत दिवा लागतो. दिवसा न दिसणारी माणसं रात्री मागून उजेड आला की सावल्यांसारखी स्पष्ट दिसतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता टिकण्याबद्दल. उघड्या, ऊन-पावसाच्या जागी तीन ते पाच वर्षं धरून चला. आडोशाच्या जागी, नीट बांधलेला असेल तर त्याहून जास्त. हे वाचून मन खट्टू होईल, पण याच बोरूने शाकारलेली छपरं युरोपात कित्येक दशकं टिकतात. वनस्पती तीच, पाणथळ जागी दोन ते चार मीटर वाढणारी, शास्त्रीय नाव फ्रॅग्मायटिस ऑस्ट्रॅलिस. काडीच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे ती पाणी झटकते आणि कात्रीची धारही लवकर घालवते. छपरावर या काड्यांचा जवळजवळ फूटभर जाड थर असतो आणि उतार तीव्र असतो, त्यामुळे पाऊस वरच्या बोटभर थरातच वाहून जातो. आतल्या काड्या कोरड्या राहतात आणि ऊनही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कुंपणात मात्र एकच पदर असतो. तो दोन्ही बाजूंनी भिजतो, दोन्ही बाजूंनी तापतो आणि दिवसभर वाऱ्याने हलत राहतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर हळूहळू झिजतो आणि सोनेरी रंग चंदेरी-राखाडी होतो. तो राखाडी रंग म्हणजे कुजणं नव्हे. कुजणं सुरू होतं ते दोन ठिकाणी, बुडाशी आणि शेंड्याशी.

बुडाचं सोपं आहे. काड्या मातीला टेकू देऊ नका. पाचेक सेंटिमीटर अंतर सोडा, नाहीतर काडी मातीतलं पाणी वर शोषते, बुरशी धरते आणि वाळवीला आयती शिडी मिळते. पालापाचोळ्याचं आच्छादन पडद्याला चिकटवून रचू नका. तुषार सिंचन असेल तर फवारा पडद्यावर पडणार नाही अशी तोंडं फिरवा.

शेंड्याकडे मात्र कुणी बघत नाही. एक काडी हातात घेऊन आडवी कापून बघा. आत पोकळ नळी असते आणि दर वीतभर अंतरावर पेराची गाठ, जिथे आतून पडदा असतो. रोल कारखान्यात सरळ रेषेत कापलेला असतो, त्यामुळे कुठल्या काडीचं तोंड गाठीच्या लगेच वर असतं, तर कुठल्याचं गाठीपासून बरंच वर. या दुसऱ्या प्रकारात उघडी नळी पहिल्या गाठीपर्यंत पेल्यासारखी भरते. पाऊस थांबला तरी आतलं पाणी राहतं आणि काडी आतून काळी पडायला लागते. उपाय एकच, वरच्या कडेवर टोपण. बांबू उभा चिरून त्याचं अर्धगोल पन्हाळं उलटं बसवा किंवा लाकडाची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना थोडी बाहेर येईल अशी ठोका. पडद्याचं आयुष्य वाढवणारं याहून स्वस्त काम नाही, आणि दिसायलाही कड नेटकी होते.

बांधताना पहिला प्रश्न, जाळीच्या कुठल्या बाजूने? जोराचा वारा जिकडून येतो त्या बाजूने, म्हणजे वारा पडद्याला जाळीवर दाबतो आणि भार जाळी घेते. उलट बाजूने बांधलात तर प्रत्येक झोताला पडदा जाळीपासून सुटायला बघतो आणि सगळी ओढ बंधांवर येते. हद्दीच्या कुंपणावर पलीकडच्या बाजूने बांधता येत नसेल, तर बंध दुपटीने द्या आणि बागेच्या बाजूने दोन-तीन आडव्या पट्ट्या पडद्यावरून टाकून त्या खांबांना आवळा.

रोल आदल्या दिवशी सपाट जागेवर उलगडून ठेवा, म्हणजे त्याची गुंडाळीची सवय थोडी मोडते. कोपऱ्यापासून सुरुवात करा. वरच्या उंचीला दोरी ताणून घ्या आणि वरची कड दोरीला लावा. जमीन वरखाली असेल तर तो फरक खाली राहू द्या, नजर वरच्या रेषेवरच जाते. आधी वरची ओळ बांधत जा, मग मधली, मग खालची, साधारण दर ३० सेंटिमीटरला एक बंध. बंध एकट्या काडीभोवती कधीच नको. ज्या तारेने काड्या विणलेल्या असतात ती तार आणि सोबत दोन-तीन काड्या अशी मूठ पकडा. आवळताना काडी चिरल्याचा बारीक आवाज आला की फार झालं, त्याच्या जरा आधीच थांबा. केबल टाय वापरणार असाल तर बाहेरच्या वापराचे काळे घ्या. काळ्या रंगातलं कार्बन उन्हाला रोखतं, साधे पांढरे लवकर ठिसूळ होऊन तुटतात. जस्त चढवलेली मऊ तार सगळ्यात भरवशाची, फक्त पिळलेली टोकं वाकवून आत दडपा, मुलांच्या हाताला लागतात. दोन रोल जिथे मिळतात तिथे पाच-दहा सेंटिमीटर एकावर एक चढवा, नुसते टोकाला टोक लावले की तिथे उभी फट उघडते.

लांबी कमी करायची तर दोन काड्यांमधली विणीची तार पक्कडीने तोडा आणि राहिलेली टोकं लगेच पिळून घ्या, नाहीतर पुढच्या काड्या एकामागोमाग सुटतात. उंची कमी करायची तर कापायच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि बारीक दातांच्या करवतीने कापा. कापलेल्या कडेजवळ विणीची एक ओळ शिल्लक राहिलीच पाहिजे.

विकत घेताना रोल हातभर तरी उलगडायला लावा. काडी नखाने दाबली तर दबता कामा नये, साल चकचकीत हवी, कुबट वास नको, काळे ठिपके नकोत. बोरू कापतात हिवाळ्यात, पानं गळून काड्या उभ्या वाळल्यावर. ओला कापलेला माल लवकर बुरशी धरतो. मग एक काडी चिमटीत धरून वर ओढा. सहज निघून आली तर वीण सैल आहे, तो रोल घेऊ नका. तारेवर गंजाची लाली दिसली तरीही नको, कारण काड्यांच्या आधी तारच दगा देते.

जवसाचं तेल लावावं का, असं पुढे विचारालच. हलका हात मारला तर रंग खुलतो आणि पाणी थोडं कमी मुरतं. मी ते कोरड्या हवामानात सुचवते. दमट, सावलीच्या जागी नाही, कारण कच्च्या तेलावर बुरशी पोसते. पण एक ताकीद आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि दाबून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेटतात. त्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि आगीचं निघालंय तर, वाळलेला बोरू झटकन पेट घेतो. शेगडी, शेकोटी, गॅसचा हीटर, फटाके उडवायची जागा यांच्याजवळ हा पडदा नकोच. वणव्याची भीती असलेल्या भागात तर घराला चिकटून अजिबात नको.

प्लास्टिकचं म्हणाल तर चांगल्या प्रतीचं, उन्हाला टिकेल असं बनवलेलं प्लास्टिक बोरूपेक्षा जास्त वर्षं उभं राहतं, हे खरं आहे. जिथे पडद्यावर सतत पाणी उडणार आहे तिथे मी स्वतः त्याला नाही म्हणणार नाही. पण स्वस्त प्लास्टिक उन्हात ठिसूळ होतं, त्याचे बारीक तुकडे पडतात आणि ते वेचून काढता येत नाहीत, तुमच्या मातीतच राहतात. बोरू त्याच कंदातून दरवर्षी पुन्हा फुटतो. वाळलेल्या काड्या कापल्याने झाड मरत नाही. बागेत मला तोच हवा वाटतो. मात्र हे वाचून जिवंत बोरूच कुंपणाला लावायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. त्याचे कंद जमिनीखालून पसरत जातात. उत्तर अमेरिकेत युरोपातून आलेल्या त्याच्या वाणाने पाणथळ जागा बळकावल्या आहेत.

पडद्यापुढे झाडं लावताना ३०-४० सेंटिमीटर अंतर सोडा, म्हणजे पावसानंतर हवा खेळून काड्या वाळतात. वेल चढवायची तर गोकर्णासारखी हलकी चालेल. बोगनवेलीसारखी जड वेल पडदा ओढून काढते, तिला स्वतंत्र तारा ताणून द्या. एसीचं बाहेरचं यंत्र झाकायला हा रोल वापरणार असाल तर यंत्राच्या तोंडासमोर पडदा आणू नका, गरम हवेला बाहेर पडायला मोकळी वाट हवी.

उरलेले तुकडे फेकू नका. गाठीच्या जरा पलीकडे कापलेल्या वीतभर काड्यांची जुडी करा. एका टोकाला गाठीने बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या अशा नळ्या हव्यात. ही जुडी पाऊस न लागेल अशा जागी आडवी टांगली की एकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्यात अंडी घालतात. सहा-आठ मिलिमीटर पोकळीच्या काड्या त्यांना विशेष आवडतात. आणि पडदा जुना झाला की आधी विणीची तार पूर्ण ओढून काढा, मग काड्या मोडून खताच्या खड्ड्यात टाका किंवा वाफ्यावर पसरा. तारेचा एकही तुकडा मातीत राहू देऊ नका, पुढच्या खुरपणीत तो हातात घुसतो.