‘एकही भाषा धड येत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्री

प्रिय मुली,

काल तू जिन्यातच थांबलीस. म्हणालीस, “काका, घरी मराठी, शाळेत गुजराती, मैत्रिणींत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. चारांतली एकही धड येत नाही मला.” आणि निघून गेलीस. चहा गाळून ठेवला होता. दोन्ही कप मीच प्यायलो आणि मग रात्री झोप येईना, म्हणून हे पत्र.

मुलाखतीत काय झालं ते तुझ्या आईनं सांगितलं. गटचर्चेत चार पोरं फाडफाड बोलली, आणि तुझं वाक्य तोंडाशी येईपर्यंत वेळ संपली. नोकरी गेली त्याचं मला फार वाटत नाही, दुसरी मिळेल. पण “मराठी घरात वाढले म्हणून मागे पडले” असं तू आईला म्हणालीस म्हणे. ते मात्र मला लागलं.

मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात छत्तीस वर्षं परदेशी पत्रव्यवहार सांभाळला, हे तुला माहीत आहे. आम्ही व्हॉल्व्ह बनवायचो. आधी टेलेक्स, मग फॅक्स, मग ईमेल. इंग्रजीवर पोट भरलं, तरी माझं इंग्रजी तुझ्याइतकंच मोडकं होतं. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका इंग्रज गिऱ्हाइकाला नमुने पाठवले होते. उत्तर आलं, नमुने ‘क्वाइट गुड’ आहेत. मी उड्या मारत शेठजींच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी पेढे मागवले, फाउंड्रीला जादा माल भरायला सांगितलं. ऑर्डर काही आली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी एका अमेरिकन खरेदीदारानं मला हसत समजावलं की अमेरिकेत ‘क्वाइट गुड’ म्हणजे फारच छान, पण इंग्रज माणूस ते म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ठीक आहे, चालण्यासारखं’ असा असतो. म्हणजे त्या पत्रात आम्हाला सभ्यपणे नकार मिळाला होता आणि आम्ही पेढे वाटले होते.

उलट कोरियाच्या, इटलीच्या, ब्राझीलच्या माणसांशी माझा कधी असा घोटाळा झाला नाही. त्यांचंही इंग्रजी माझ्यासारखंच. लहान वाक्यं, नेमके आकडे, शंका आली की सरळ ‘प्लीज कन्फर्म’. आज जगात इंग्रजी वापरणारी माणसं अंदाजे दीडशे कोटी धरतात. त्यांतली ज्यांची ती मातृभाषा आहे अशी चाळीस कोटींच्या आसपास. उरलेली सगळी तुझ्या-माझ्या जातकुळीची. त्या गटचर्चेतली फाडफाड बोलणारी चार पोरंसुद्धा.

आता थोडा इतिहास सांगतो. कंटाळू नकोस, यात तुझाच मुद्दा आहे. 1066 साली फ्रान्सकडच्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. पुढं जवळजवळ तीनशे वर्षं त्या देशाचा दरबार, सरदार, न्यायाधीश सगळे फ्रेंचमध्ये वागायचे. इंग्रजी उरली कुळांची, गुराख्यांची, मोलकरणींची. शेवटी 1362 मध्ये कायदा झाला की कोर्टातले दावे इंग्रजीत चालावेत, कारण आपला वकील आपल्या बाजूनं बोलतोय की विरुद्ध हेच बिचाऱ्या पक्षकाराला समजत नाही. आणि गंमत बघ, इंग्रजीला न्याय देणारा तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! सूरसागराजवळच्या न्यायमंदिरात कोर्ट भरायचं तेव्हा बाहेरच्या ओट्यावर जे शब्द कानावर पडायचे, कोर्ट, जज, ज्युरी, वॉरंट, मॉर्गेज, ते सगळे इंग्रजांनी आपल्या जेत्यांकडून उचललेले. आपण तरी काय वेगळं केलं? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी ‘वकील’ काही हलला नाही. हुकमानं शब्द जात नसतात.

शेक्सपिअरच्या काळी इंग्रजी बोलणारे होते पन्नास-साठ लाख. तेही जवळजवळ सगळे त्या बेटांवर. खुद्द न्यूटननं 1687 मध्ये आपला मोठा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, कारण युरोपातल्या विद्वानांनी तो वाचायला हवा होता. 1704 मध्ये प्रकाशावरचं पुस्तक मात्र त्यानं इंग्रजीत काढलं. तेवढ्या सतरा वर्षांत इंग्रजी काही गोड झाली नव्हती. लंडनची बंदरं मोठी होत होती, एवढंच.

पुढचं तू शाळेत शिकली आहेस. जहाजं, मळे, तोफा, कंपनी. 1835 मध्ये इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं मेकॉलेचं टिपण, त्यावर गव्हर्नर जनरल बेंटिंकचा ठराव. 1837 मध्ये कंपनीच्या कारभारातून फारसीला निरोप. ज्या मुन्शींचं फारसीवर पोट होतं त्यांच्या मुलांनी काय केलं असेल? आज इंग्लिश मीडियमच्या दारात रांगा लावणारे आपण काही पहिले नाही.

तरीही हे एकट्या साम्राज्यानं झालं नसतं. फ्रेंचांचंही साम्राज्य होतं, स्पॅनिशांचंही. इंग्रजीला लॉटरी लागली ती दुसऱ्यांदा. ब्रिटन थकायला लागला तेव्हा त्याच्या जागी जो देश मोठा झाला तो अमेरिका, आणि तिथंही इंग्रजीच. 1919 मध्ये व्हर्सायला तह झाला. तोवर युरोपातल्या राजकारणाची भाषा फ्रेंच. पण या तहाची फ्रेंच आणि इंग्रजी अशी दोन्ही रूपं सारखीच ग्राह्य धरली गेली. विज्ञानात जर्मनचा दबदबा होता. आइनस्टाइनचे 1905 चे लेख जर्मनमध्येच आहेत. 1933 नंतर हिटलरनं आपलेच शास्त्रज्ञ देशाबाहेर घालवले आणि त्यांतले बरेच इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जाऊन बसले. मग 1963 मध्ये अमेरिकेत कॉम्प्युटरच्या अक्षरांसाठी आस्की नावाचा तक्ता ठरला. त्यात एकूण जागा 128. ए ते झेड बसले, आकडे बसले, डॉलरची खूणसुद्धा बसली. ‘क’ला जागा नव्हती, गुजराती ‘ક’लाही नव्हती. युनिकोड या जगभरच्या लिपींसाठीच्या तक्त्यातून आपली अक्षरं आली ती 1991 मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं ज्याला कॉम्प्युटर शिकायचा त्याला आधी इंग्रजी शिकणं भाग पडलं.

म्हणून कोणी म्हणालं की इंग्रजी सोपी आहे म्हणून पसरली, तर त्याला ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘दो’ यांची स्पेलिंगं लिहायला सांग.

आता बडोद्याकडे येतो. 1875 मध्ये कवळाण्याहून एक बारा वर्षांचा मुलगा इथं दत्तक म्हणून आणला. नाशिककडच्या खेड्यातला, अक्षरओळखही नसलेला. त्याला शिकवायला एलियट नावाचे इंग्रज गुरू नेमले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळं एकदम सुरू. तुझ्या चार भाषांसारखंच! ते पोर पुढं सयाजीराव महाराज झालं. त्यांनी इंग्रजी नीट शिकून घेतली आणि कारभारासाठी आठ भाषांचा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ करवून घेतला, 1931 साली. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याला मराठीत, गुजरातीत, संस्कृतात, फारसीत काय म्हणता येईल ते शेजारी मांडायचं. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. यातलं एकही दुसऱ्याच्या आड आलं नाही.

दुसरी गोष्ट अरविंद घोषांची. सातव्या वर्षी विलायतेला गेले, केंब्रिजला शिकले, 1893 मध्ये बडोद्याला नोकरीवर आले. इंग्रजी अस्सल, पण मातृभाषा बंगाली धड येत नव्हती. ती त्यांनी इथं बसून शिकली, शिवाय संस्कृत, मराठी, गुजराती. बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस घरी येऊन बंगालीचा धडा गिरवायचा. तुझ्यासारखंच त्यांच्याही मनात कधी आलं असेल का, की आपली एकही धड नाही?

आणखी एक, आपल्यासारख्या गुजरातेतल्या मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं. 1960 मध्ये मराठीतून एसएससी झालेला एक मुलगा अहमदाबादला कॉलेजात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसला. पुढच्या वर्षी गुजरात विद्यापीठाच्या नियमानं सांगितलं, आता इंग्रजीत नाही, गुजराती किंवा हिंदी. वडील कोर्टात गेले. 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की अशी एकाच भाषेची सक्ती करायचा अधिकार विद्यापीठाच्या कायद्यात नाही. मेकॉलेला शिव्या देणारे आपण हे विसरतो की परक्या प्रांतात राहणाऱ्याला कधी कधी इंग्रजीच आडोसा होते. ती कुणा शेजाऱ्याची नसते ना! हिंदीच्या सक्तीविरुद्ध उठलेल्या मद्रासकडच्या लोकांचं 1965 मधलं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं.

पण याचा अर्थ ती निष्पाप आहे असा घेऊ नकोस. गेल्या वर्षी माझ्या बहिणीला शहरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशनसाठी नेलं. संमतीचा कागद पुढं आला, चार पानं, बारीक इंग्रजीत. ती मराठी सातवी, गुजराती पेपर रोज वाचणारी. नर्स म्हणाली, “मासी, अहीं सही करो ने.” ती सही करायला निघाली. मी कागद हातात घेतला आणि एक-एक ओळ मराठीत सांगितली, तेव्हा तिनं तीन प्रश्न विचारले. तिन्ही असे की डॉक्टरांना खुर्ची ओढून बसावं लागलं. 1362 मधल्या त्या इंग्रज पक्षकारासारखीच अवस्था, फक्त आता फ्रेंचच्या जागी त्याचीच भाषा. सुप्रीम कोर्टाची भाषाही घटनेच्या 348 कलमानं इंग्रजीच आहे. एक दार तुझ्यासाठी उघडतं तेव्हा तेच दार कुणाच्या तरी तोंडावर बंद होत असतं. हे विसरून इंग्रजी मिरवणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि ती आपल्या गल्लीतही आहेत.

तर आता तू काय करायचं?

उच्चारांच्या क्लासला पैसे घालू नकोस. मोडलंस तरी चालेल, पण नेमकं बोल. 1996 मध्ये हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली. 349 माणसं गेली. एका विमानाला पंधरा हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्या खाली उतरलं. कझाकस्तानच्या त्या वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हेही चौकशीत एक कारण म्हणून नोंदवलं गेलं. तिथं ॲक्सेंट कुणी विचारला नव्हता. आकडा कळला का, एवढंच हवं होतं. तेव्हा आकडे, तारखा, ‘अंटिल’ आणि ‘बाय’मधला फरक, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, हे घोटून पक्कं कर. मी नोकरीत फोनवर पंधरा आला की ‘वन-फाइव्ह’ म्हणायचो. लोक हसले, पण माल कधी चुकीचा गेला नाही.

गटचर्चेत पूर्ण वाक्य मनात जुळेपर्यंत थांबत जाऊ नकोस. ‘आय हॅव टू पॉइंट्स’ एवढं म्हणून आधी जागा धर. मग पहिला मुद्दा पाच शब्दांत सांग. दुसरा नाही सुचला तर नाही. कुणी मोजत नसतं.

आणि चारांतली एक भाषा पुरी कर. पुरी म्हणजे, घरगुती नसलेल्या विषयावर त्या भाषेत तुला दहा मिनिटं भांडता आलं पाहिजे. पाण्याच्या बिलावर, आरक्षणावर, त्या मुलाखतीवर. ती मराठीच असावी असा माझा हट्ट नाही. तुझी शाळा गुजराती, रागावतेस गुजरातीत, तुझी आई भाजीला ‘शाक’ म्हणते. गुजराती पुरी केलीस तरी मला आनंदच आहे (तुझ्या आजोबांना हे दाखवू नकोस). पण एक हवी. माझ्या कारखान्यात ज्या पोरांना एक भाषा पुरी येत होती त्यांचं इंग्रजी दोन वर्षांत सुधारलं. ज्यांना सगळ्याच अर्ध्या, ती ‘काइंडली डू द नीडफुल’वरच अडकून राहिली.

पुढच्या अर्जासोबतचं पत्र आधी तुला सोपी वाटेल त्या भाषेत एक पान लिही. मग इंग्रजीत कर, शब्दाला शब्द न लावता. रविवारी सकाळी दोन्ही घेऊन ये, आणि या वेळी जिन्यात थांबू नकोस. कुठं ‘क्वाइट’ दिसला तर लाल पेन तयार आहे.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका