इंडिकेटर दिला की ट्रेलरचे सगळेच दिवे मंद लुकलुकतात, बिघाड कुठे शोधू?

बल्ब बदलत बसू नका, अशा वेळी बहुतेक अर्थिंग (करंट परत जाण्याची जोडणी) गेलेलं असतं. परतीची वाट न मिळालेला करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून इंडिकेटरबरोबर ब्रेकचा दिवाही लुकलुकतो. ट्रेलरच्या चासीला अर्थची वायर जिथे बोल्टने कसलेली असते, तो बोल्ट काढा. खाली गंज किंवा रंग असेल तर लोखंड चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट कसा, वरून ग्रीस लावा. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या कपलिंगच्या बॉलमधून अर्थ मिळेल या भरवशावर अजिबात राहू नका, स्वतंत्र वायर हवीच.

तरी फरक पडला नाही तर प्लग काढून गाडीच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून बघा. तिथे सगळं बरोबर पेटलं तर दोष ट्रेलरकडे. नाहीतर आधी गाडीचा फ्यूज तपासा.