मधलं पद कुठे गेलं?

"रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की अर्धा तास सूत्रं पाठ करते. माझ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवते. पेपर हातात पडला की सगळं पुसलं जातं. बाय काही मठ्ठ नाही हो. मग हे असं का होतं?"

डिचोली तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण असा प्रश्न दर वर्षी पहिल्या चाचणीनंतर अनेक घरांतून येतो. मुलगी नववीत. गोव्यातल्या बऱ्याच मुलांसारखी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. आईला भीती होती की मुलीची स्मरणशक्तीच कमी आहे.

चाचणीचा पेपर सोबत होता, तो आधी पाहिला. गुण किती यापेक्षा चूक कुठल्या जागी झाली ते महत्त्वाचं असतं. सूत्रांवरची पाच उदाहरणं होती आणि त्यातल्या चारांत एकच चूक होती. (२क्ष + ३)² च्या पुढे तिने लिहिलं होतं ४क्ष² + ९. मधलं पद, १२क्ष, गायब. विसरणारा माणूस कधी हे विसरतो, कधी ते. दर वेळी तेच पद गळत असेल तर प्रश्न स्मरणशक्तीचा नसतो, ते पद तिथे का आहे हे मुलीला ठाऊक नसतं. (मुलांच्या वहीत ए, बी, एक्स असतात. इथे अ, ब, क्ष लिहितो.)

मग तिला तिसरं सूत्र म्हणायला सांगितलं. ती गप्प झाली, ओठ हलू लागले. पहिलं सूत्र पुटपुटत म्हटलं, मग दुसरं, आणि तिथून तिसरं बाहेर आलं. गणेशचवथीला घुमट या वाद्याच्या तालावर आरत्या म्हणणाऱ्या मुलांना हे लगेच समजावता येतं. सगळी आरती तोंडपाठ असते, पण मधलंच एखादं कडवं एकदम म्हण म्हटलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, कारण प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या आधाराने येते. देवासमोर त्याने काही अडत नाही. गणिताचा पेपर मात्र मधूनच विचारतो. शिवाय तो सूत्राचं नाव सांगत नाही, नुसतं उदाहरण पुढे ठेवतो. म्हणजे मुलीचं पाठांतर खोटं नव्हतं, ते वेगळ्या कामासाठी तयार झालं होतं.

दुसरी गाठ भाषेची होती. "ए प्लस बी होल स्क्वेअर" यातल्या "होल"चा अर्थ काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तसं म्हणतात." तिच्यासाठी तो शब्द नुसता ताल होता, आणि सगळं सूत्र तर त्या एका शब्दावर उभं आहे. तिला मराठीत दोन वाक्यं लिहायला दिली. पहिलं: दोघांची आधी बेरीज, मग त्या बेरजेचा वर्ग. दुसरं: दोघांचे वेगवेगळे वर्ग, मग त्यांची बेरीज. ३ आणि ४ घेऊन दोन्ही करून पाहायला सांगितलं. पहिल्याचं उत्तर ४९ आलं, दुसऱ्याचं २५. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग चोवीस कुठे गेले?"

हा प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबावं. तो आला की रांगोळीचे ठिपके काढायला बसवावं. सात ओळी, प्रत्येकीत सात ठिपके, एकूण ४९. तिसऱ्या ओळीखाली एक आडवी रेघ आणि तिसऱ्या ठिपक्यानंतर एक उभी रेघ मारायची. चार तुकडे पडतात. एका कोपऱ्यात तीन गुणिले तीन, ९. समोरच्या कोपऱ्यात चार गुणिले चार, १६. उरलेले दोन तुकडे तीन गुणिले चारचे, प्रत्येकी १२. हरवलेले चोवीस ते हेच, आणि (अ + ब)² = अ² + २अब + ब² या सूत्रातलं २अब तेही हेच. तिने प्रत्येक तुकड्यातले ठिपके बोट ठेवून मोजले. हे मोजणं पोरकट समजून टाळू नये. एकदा बोटाने मोजलेलं मधलं पद सहसा गळत नाही.

(अ − ब)² मध्ये मुलं वेगळीकडे अडखळतात. वजाबाकी चालली असताना शेवटी + ब² कसं, हे पटत नाही, म्हणून ती −ब² लिहितात. दहा गुणिले दहाच्या ठिपक्यांतून सात गुणिले सातचा चौकोन उरवायचा आहे. खालच्या तीन ओळी पुसायच्या म्हणजे ३० गेले. उजवीकडचे तीन उभे रकाने पुसायचे म्हणजे पुन्हा ३०. पण कोपऱ्यातले ९ ठिपके दोन्ही वेळा मोजले गेले, म्हणून ते एकदा परत द्यायचे. १०० − ३० − ३० + ९ = ४९. तो अधिक म्हणजे ही परतफेड.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त, इ. स. ११५० मध्ये, संख्येचा वर्ग करण्याची एक रीत दिली आहे: संख्येचे दोन खंड करा, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्या आणि त्यात दोन्ही खंडांच्या वर्गांची बेरीज मिळवा. सूत्र हेच, पण सुरुवात मधल्या पदापासून. ज्या मुलांचं मधलं पद गळतं त्यांच्यासाठी हा क्रम फार उपयोगी पडतो. या मुलीलाही महिनाभर तसंच लिहायला लावलं: कंस दिसला की आधी उजव्या पानावर पेन्सिलीने "दोनदा गुणाकार" काढायचा, (२क्ष + ३)² साठी २ × २क्ष × ३ = १२क्ष, आणि मगच वर्ग. वर्ग करतानाही एक खड्डा आहे. २क्ष चा वर्ग ४क्ष² असतो, २क्ष² नव्हे. म्हणून पहिलं पद नेहमी कंसात, (२क्ष)² असं लिहावं. त्याला दोन सेकंद लागतात.

आता पाठांतर. ते लागतंच, समजलं म्हणजे लक्षात राहीलच असं नाही. मात्र ओळीने म्हणणं बंद केलं. जाड कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, सुरुवातीला चारच सूत्रांच्या: (अ + ब)², (अ − ब)², (अ + ब)(अ − ब) आणि (क्ष + अ)(क्ष + ब). प्रत्येक सूत्राच्या दोन चिठ्ठ्या. एकीवर कंस पुढे आणि विस्तार मागे. दुसरीवर विस्तार पुढे आणि कंस मागे, कारण अवयव पाडताना क्ष² + १०क्ष + २५ समोर येतं आणि (क्ष + ५)² ओळखायचं असतं. फक्त पुढच्या दिशेने पाठ केलेलं सूत्र तिथे कामाला येत नाही. आठ चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसायच्या, वरची उचलायची, उत्तर तोंडाने म्हणायचं नाही, लिहायचं, आणि मग उलटून पाहायचं. चुकलेली चिठ्ठी तळाशी न टाकता तीन चिठ्ठ्यांखाली सारायची, म्हणजे ती लवकर परत येते. आठवायला थोडा त्रास झाला पाहिजे. उघड्या वहीकडे पाहून दहा वेळा म्हटलेलं ओळखीचं वाटतं, पण ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरीच मुलं इथेच फसतात आणि आईवडीलही.

वेळ रोज दहा मिनिटं, अर्धा तास नको. पहिल्या दिवशी संध्याकाळी, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. मधल्या दिवसांत चिठ्ठ्यांना हात न लावता पुस्तकातली दोन-तीन उदाहरणं, तीही वेगवेगळ्या सूत्रांची मिसळून. एकाच सूत्राची वीस उदाहरणं ओळीने सोडवली की विसाव्याला डोकं चालतच नाही, हात चालतो. सोबत १०३², ९८² आणि ५२ × ४८ असे आकडे. १०० + ३ धरून १०,०००, ६०० आणि ९, म्हणजे १०,६०९. १०० − २ धरून ९,६०४. ५० + २ आणि ५० − २ धरून २,५०० मधून ४ गेले, २,४९६. बाजारात हिशोब करणाऱ्या आईला ही तिन्ही उत्तरं कागदाशिवाय सांगून ती खूश झाली, आणि त्या आठवड्यापासून चिठ्ठ्यांसाठी तिच्या मागे लागावं लागलं नाही.

पडताळा घेण्याची सवयही इथेच लावावी. उत्तर लिहिलं की क्ष च्या जागी एक आकडा घालून दोन्ही बाजू मोजायच्या. शून्य घेऊ नका, मधलं पद शून्यच होतं आणि चूक लपते. १ घेतला तर क्ष आणि क्ष² सारखेच, घातांकाची चूक लपते. २ घेतला तर क्ष² आणि २क्ष दोन्ही ४ होतात. १० सोयीचा. (२क्ष + ३)² मध्ये १० घातला की २३ चा वर्ग, ५२९. उजवीकडे ४०० + १२० + ९, तेही ५२९. मधलं पद गळलं तर ४०९ येतं, दुप्पट विसरली तर ४६९, २क्ष² लिहिलं तर ३२९. चूक कुठली तेही त्यावरून कळतं.

घनाची सूत्रं तिसऱ्या आठवड्यात घेतली. ११ × ११ = १२१ आणि १२१ × ११ = १३३१. (अ + ब)² चे सहगुणक १, २, १ आणि (अ + ब)³ चे १, ३, ३, १, कारण ११ म्हणजे १० + १. अ चा घातांक ३ पासून उतरतो, ब चा चढतो.

घरच्यांना एक बदल सांगितला. "म्हण बघू" बंद. त्याऐवजी "आठ आणि दोनचं ठिपक्यांनी करून दाखव" असं म्हणा, आणि ती अडली तर दहापर्यंत मोजेपर्यंत गप्प राहा. मूल अडल्याबरोबर मोठ्याने सूत्र सांगितलं की आठवण्याचं काम मोठ्यांनी केलं, मुलाने नाही. पहिलीदुसरीपासूनच साधी बेरीज, लहानमोठी संख्या किंवा सुटे पैसे मोजणं जड जात असेल तर मात्र प्रश्न निराळा. तिथे चिठ्ठ्या पुरणार नाहीत, रीतसर तपासणी करून घ्यावी. या मुलीला तसं काही नव्हतं.

पुढच्या चाचणीत पेपर हाती येताच तिने उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, कच्च्या कामाच्या जागेत, चार सूत्रं लिहून टाकली आणि मग प्रश्न वाचले. घाबरल्यावर डोक्यात जागा कमी उरते, म्हणून तेवढं ओझं कागदावर. मधलं पद एकदाही गळलं नाही. उणे चिन्हाच्या दोन चुका राहिल्या, दोन्ही (अ − ब)³ मध्ये. आता तिच्या गठ्ठ्यात त्या सूत्राच्या दोन चिठ्ठ्या वाढल्या आहेत.