हाडांचे प्रश्न: नळी, ओली काडी आणि बैलाचा पाय

मी जनावरांचा डॉक्टर, चिकोडी-हुक्केरीकडं बरीच वर्षं गोठ्यागोठ्यांतनं फिरलोय. यावेळी सगळे प्रश्न हाडांचेच आलेत, घेऊया एकेक.

मटणाची नळी चोखताना पोरगं म्हणालं, पोकळ हाड मोडत कसं नाही? भरीव बरं नसतं का? (खानापूर)

पोरगं हुशार आहे तुमचं. तुमच्याकडच्या जंगलातला बांबू बघा की. काठी वाकवली की एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधोमध जवळजवळ काहीच लोड येत नाही, मग तिथं माल भरून वजन कशाला वाढवायचं? तेवढाच माल कडेला नळीसारखा पसरला तर वाकायला आणि पिळायला जास्त दाद देत नाही. आतल्या जागेत मज्जा राहते, ती तुम्ही चोखताय. टोकाला मात्र जाळी असते, स्पंजसारखी, कारण सांध्यात लोड चारी बाजूंनी येतो. 1866 च्या सुमारास झुरिकमध्ये कुलमान नावाच्या इंजिनिअरनं मांडीच्या हाडाचा काप बघितला आणि ती जाळी त्याला क्रेनमध्ये ताण-दाब कुठनं जातो ते दाखवणाऱ्या रेघांसारखी दिसली. इंजिनिअर माणूस, त्याला दुसरं काय दिसणार म्हणा.

सात वर्षांचा मुलगा चिंचेवरनं पडला, डॉक्टर म्हणाले हाड वाकलंय, एकाच बाजूला तडकलंय. हाड वाकतं होय? (निपाणी)

वाकतं की. हाडात मुख्य माल दोन, वजनाच्या साठ-पासष्ट टक्के कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, आणि उरलेल्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे नि पाणी. कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, खनिज विरघळून जातं आणि रबरासारखं वाकतं. उलट चुलीत जळालेलं हाड बोटानं दाबलं तरी चुरा होतो, धागे जळून गेलेले असतात ना. लहान मुलांच्या हाडात खनिज थोडं कमी आणि वरचं आवरण जाड, म्हणून ते ओल्या काडीसारखं एका अंगानं फुटतं आणि दुसऱ्या अंगानं नुसतं वाकतं. प्लास्टर असू दे, कुणाकडं नेऊन चोळून-ओढून घेऊ नका.

मांजर दुसऱ्या मजल्यावरनं पडून पळून जातं आणि आमच्या बैलाचा पाय खड्ड्यात अडकला तर नळी मोडली, वर म्हणतात जुळणं अवघड. असं का? (हुक्केरी)

याचा हिशोब गॅलिलिओनं 1638 सालीच मांडलाय. जनावर सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठं केलं तर वजन आठपट होतं, पण हाडाचा काप चौपटच. म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर ओझं दुप्पट. त्यात तुमच्या बैलाचा पाय अडकलेला आणि मागनं उसाची गाडी वळलेली, म्हणजे हाड पिळलं गेलं, आणि नेमकं पिळण्यातच ते कच्चं. घट्ट हाड लांबीच्या दिशेनं दाबलं तर साधारण 170 मेगापास्कल (हे दाबाचं माप) सोसतं, ओढलं तर 130 च्या आसपास, पिळलं तर त्याच्याहून बरंच कमी. आणि जुळायचं म्हणजे आधी कुर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या लवचिक भागासारखा, मऊ गोळा धरतो, मग तो कडक होतो, तोवर आठवडे जातात आणि पाय हलता कामा नये. बैलाला हे कोण सांगणार? एकदा मी असंच प्लास्टर घातलं, चौथ्या दिवशी जाऊन बघतो तर गोठ्यात प्लास्टरच्या चिंध्या आणि साहेब तीन पायांवर उभे राहून कडबा खातायत. लहान वासराचं मात्र पुष्कळदा जुळतं, तिथं हात टेकू नका.

पक्ष्यांची हाडं पोकळ, म्हणूनच आमच्या अंड्याच्या कोंबड्यांचे पाय मोडतात ना? (बेळगाव)

नाही हो. हवा खांद्याच्या हाडात असते, तंगडीत मज्जाच असते. खरी गोष्ट अंड्याची आहे. एका कवचाला जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं, कवच जास्त करून रात्री बनतं, तेव्हा पोटात खाद्य नसलं की कोंबडी स्वतःच्या हाडातनं काढते. रोज अंडं म्हणजे रोज उसनवारी. शिंपल्यांचा जाडसर चुरा द्या, बारीक पूड नको, जाड तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात. आणि संध्याकाळी टाका, सकाळी नको.