ड्रीमकास्ट ऑनलाइन नेताना आधी मोडेमच घ्या

सेगा ड्रीमकास्ट या जुन्या गेम कन्सोलसाठी पहिल्याच दिवशी महागड्या ब्रॉडबँड अ‍ॅडॉप्टरच्या मागे लागू नका, कारण तो दुर्मीळ तर आहेच, शिवाय डायल-अपसाठी (म्हणजे टेलिफोन लाइनवरून मोडेमने जोडल्या जाणाऱ्या इंटरनेटसाठी) लिहिलेले अनेक ऑनलाइन खेळ त्याला ओळखतही नाहीत. कन्सोलसोबत आलेला मोडेम पुरेसा आहे. १९९९ च्या अमेरिकी आवृत्तीत तो ५६ के (किलोबिट प्रति सेकंद), तर जपानी व युरोपीय आवृत्त्यांत ३३.६ के वेगाचा असतो. त्याला टेलिफोनच्या वायरीने यूएसबी मोडेम लावलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाशी जोडावे आणि त्यावर ड्रीमपाय हे सॉफ्टवेअर चालवावे, म्हणजे डायल टोनही तेच ऐकवते व फोन उचलणारे केंद्रही तेच बनते. डायल टोन ऐकवता यावा म्हणून यूएसबी मोडेम मात्र व्हॉइस (आवाजाची) सुविधा असलेलाच निवडावा. मी ती सुविधा नसलेला स्वस्तातला घेऊन एक आठवडा वाया घालवला. जपानी किंवा युरोपीय कन्सोल असल्यास वायरीत थोडा व्होल्टेज देण्याची सोयही करावी लागते.